लाल रेषेपलीकडची मूठ

मी एक जुना मूठकाटा आहे. हे नाव कोशात शोधू नका, मित्रांनो, सापडणार नाही. ते मला मी जिथे कामाला होतो त्या संस्थेच्या शिपायाने दिले. "वजनाचा तो वजनकाटा, मग मुठीचा हा मूठकाटा," असे तो म्हणाला आणि तेच रूढ झाले. माझे रूप अगदी साधे आहे. दोन समांतर पोलादी दांडे आणि वर घड्याळासारखी गोल तबकडी. दांडे मुठीत धरून आवळले की तबकडीवरचा काटा सरकतो आणि हातात किती जोर आहे ते कळते. एवढेच माझे काम.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाले गृहस्थ मला वजने टांगून तपासत. काटा बरोबर आकड्यावर थांबला की ते समाधानाने मान डोलवत. पेटीत ठेवताना ते मला म्हणाले, "कुणाची भीड धरू नकोस बाबा." मला तो आशीर्वाद वाटला.

तिथून मी संस्थेत आलो. म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या देशभरातल्या जाणकारांची ही संस्था. डॉक्टर, परिचारिका, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, घरांचे नकाशे काढणारे, असे नाना तऱ्हेचे लोक तिचे सभासद. वय वाढते तसे माणसाच्या शरीराचे, मनाचे आणि घराचे काय होते ते शोधायचे आणि सरकारला समजावून सांगायचे, की कायदा असा करा, मदत अशी पोचवा. संस्थेच्या अध्यक्षा एक डॉक्टरबाई होत्या. त्यांना बोलताना मधेच समोरच्याचा हात हातात घेण्याची सवय होती. मी बहुतेक वेळा त्यांच्याच पिशवीत असे.

काय सांगू, किती हात मला भेटले! कपडे शिवून बोटे वाकलेल्या एका आजी मला आवळण्याआधी बजावत, "मोडलं तर भरून मागू नका हं." एक आजोबा तळहातावर फुंकर मारून मगच मला उचलत. एका निवृत्त शिक्षिकेने तर मला आवळण्याऐवजी हलवले आणि हस्तांदोलन करून "बरे आहात ना?" असे विचारले. दरवर्षी त्याच माणसांना पुन्हा भेटायचे, असा तो अभ्यास होता. कुणाची मूठ सैल होत जाते आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळे. मूठ सैल पडली की पुढे ते माणूस पडते, आजारी होते, अंथरूण धरते, हे संस्थेने माझ्याच काट्यावरून दाखवून दिले.

मग माझे दिवस पालटले. वार्षिक सभेत डॉक्टरबाईंनी मला व्यासपीठावर उंच धरले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सरकारने संस्थेचे म्हणणे मान्य केले. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी रोज एक मदतनीस पाठवायची, अशी योजना सुरू झाली. मात्र मदतनीस थोड्या आणि घरे फार. म्हणून नियम झाला, की घरात दुसरे धडधाकट माणूस असेल तिथे मदतनीस मिळणार नाही. धडधाकट कोण, हे ठरवायला माझ्या तबकडीवर एक लाल रेषा ओढली गेली. काटा त्या रेषेपलीकडे नेईल ती मूठ धडधाकट. रेषा कुठे ओढायची ते डॉक्टरबाईंनीच खूप विचार करून ठरवले होते. त्या दिवशी मी स्वतःला फार मोठा समजलो.

आणि मग फिटरकाका भेटले.

हे काका जन्मभर पाण्याच्या नळांची कामे करत. गंजलेला नटसुद्धा पान्याशिवाय, नुसत्या हाताने सोडवतात अशी त्यांची ख्याती. त्यांच्या बायकोला, काकूंना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, डोके मात्र लख्ख. त्यांना उठवणे, न्हाऊ घालणे, कुशीवर वळवणे हे सारे काकाच करत. मुलगी दूरच्या शहरात. काकांचे गुडघे पार झिजले होते आणि चार पायऱ्या चढल्या की धाप लागे. पण हात तसाच होता.

डॉक्टरबाई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा मी पिशवीत होतो. दारापर्यंत येताना काकांनी चार वेळा भिंत धरली, हे बाईंनी पाहिले. त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि काम समजावून सांगितले. तीनदा आवळायचे आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा.

काकांनी मला उचलले. माझे वजन जोखले. चेहऱ्यावर जुने हसू आले. त्यांनी आवळले आणि माझा काटा रेषेच्या पार पलीकडे गेला.

"कसा काय?" काकांनी विचारले.

"छान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज उतरला होता. "आता दमला असाल तर बाकीचे दोन राहू द्या."

"दमतोय कसला," म्हणत काकांनी आणखी दोनदा आवळले, आणि तिसऱ्यांदा सर्वांत जास्त.

बाईंनी मग नियम सांगितला. काकांचे हसू हळूहळू मावळले. अंथरुणावरून काकू तुटक शब्दांत म्हणाल्या, "अहो, पुढच्या वेळी... जरा कमी दाबा. मेडल... मिळणार नाहीये."

"काकू, हे मी ऐकलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासता येते, एवढे सांगून त्या निघाल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मला प्रथमच कळले की खरे बोलूनही आपण कुणाचे भले करत नाही असे होऊ शकते. गुडघे मला दिसत नाहीत. धाप मला ऐकू येते, पण तिच्यासाठी माझ्या तबकडीवर जागा नाही.

पुढच्या तपासणीला काका काकूंना चाकाच्या खुर्चीतून घेऊन संस्थेच्या कार्यालयात आले. मधल्या काळात काकू एकदा त्यांच्या हातून निसटून पडल्या होत्या. डॉक्टरबाई त्या दिवशी सरकारी बैठकीला गेल्या होत्या. माझ्यापाशी एक नवी, हसतमुख परिचारिका बसली होती. बाकावर म्हाताऱ्यांची रांग होती.

काकांनी मला धरले आणि त्यांचा तळहात घामाने ओला आहे हे मला जाणवले. त्यांनी हलकेच दाबले. काटा रेषेच्या बराच अलीकडे थांबला. दुसऱ्यांदाही तसेच. मी मनात म्हटले, आता एकदाच, काका.

पण परिचारिकेला शिकवलेले होते की प्रत्येकाला सारखाच हुरूप द्यायचा. ती उत्साहाने म्हणाली, "काका, जोर लावा की. अजून, अजून."

बाकावरचे एक आजोबा काकांना ओळखत होते. ते हसून म्हणाले, "अरे फिटर, हाताला पाणी लागलं काय तुझ्या? आमचा नळ सोडवलेला हात तो. दाब, दाब."

सगळा बाक म्हणू लागला, "दाबा काका, दाबा."

काकांनी एकदा काकूंकडे पाहिले. काकूंनी डोळ्यांनीच नको म्हटले. पण हात ऐकेना. आयुष्यभर ज्याने कधी अर्धवट आवळले नाही तो हात तिसऱ्यांदा माझ्याभोवती मिटला. मला थांबायचे होते. खरेच थांबायचे होते. पण माझ्या स्प्रिंगला इच्छा नसते. काटा रेषा ओलांडून गेला आणि बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

काका हात उघडून त्याच्याकडे बघत राहिले. "चुकलंच," ते काकूंना म्हणाले.

"असू दे," काकू म्हणाल्या. "सवय... तुमची."

डॉक्टरबाईंना हे कळले तेव्हा त्यांनी संस्थेच्या समितीपुढे विषय मांडला. मला मधोमध ठेवून त्या म्हणाल्या, "ही रेषा मीच ओढली. ती पुरेशी नाही. गुडघे बघा, दम बघा, त्या माणसाला कधी झोप मिळते ते विचारा."

कुणीही विरोध केला नाही. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मान खाली घालून म्हणाले, "बाई, तुमचं सगळं पटतंय. पण रेषा हलवली तर सरकार म्हणेल, तुमचं आधीचंच चुकलं, आणि आहे ती योजनाही गुंडाळेल. मग ज्यांना मदत मिळतेय त्यांचीही जाईल." खोलीत सगळेच चांगले लोक होते. पुन्हा अभ्यास करायचे ठरले. तो अजून चालू आहे.

दरम्यान एके सकाळी काकूंना उठवताना काकांचा गुडघा मुडपला. दोघेही खाली पडले. शेजारीण दुपारी आली तोवर ते तसेच होते. काकूंचे खुब्याचे हाड मोडले होते. त्यांना शुश्रूषागृहात खाट मिळाली. काकांनी तिथे राहायची परवानगी मागितली, पण तिथेही तीच रेषा. धडधाकट माणसाला खाट नाही. काका भेटीच्या वेळेत रोज जाऊ लागले. दोन बस बदलून, भिंती धरत.

एकदा डॉक्टरबाई मला घेऊन तिथे गेल्या. काकूंची नोंद करायची होती. त्यांनी काकूंच्या डाव्या, आता तोही क्षीण झालेल्या हातात मला ठेवले. काकूंनी डोळे मिटून सगळा जोर लावला. मला नुसती ऊब कळली. काटा हलला नाही.

तेव्हा काकांनी आपला हात काकूंच्या हातावर ठेवला आणि दोन्ही मिळून मला आवळले. काटा सरसर वर चढला.

"काका, हे धरता येत नाही," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

"ठाऊक आहे हो. तिला नुसतं बघू दे."

काकूंनी डोळे उघडून तबकडीकडे पाहिले आणि त्या किंचित हसल्या. बाईंनी काहीच लिहिले नाही. काकांनी हात काढला नाही तोवर त्यांनीही मला मागितले नाही.

आता विजेवर चालणारी नवी यंत्रे आली आहेत. मी संस्थेच्या कपाटात पडून असतो. माझी स्प्रिंगही सैल झाली आहे आणि ती मोजायला कुणी येत नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट एवढ्याचेच वाटते की मला तोंड नव्हते. मित्रांनो, तुम्हाला आहे. तुमच्या घरात कुणी आजी, आजोबा, काका असतील तर त्यांच्या हातात अजून किती जोर आहे हे पाहून निर्धास्त होऊ नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला काय जड जातंय?" ते पहिल्यांदा "काही नाही" म्हणतील. तुम्ही उठू नका.