बुडालेल्यांची मोजदाद

मार्तंड वैद्याला वाद घालायची खोड लहानपणापासूनची. अशा माणसाला खाणीवर कारकून नेमू नये, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्या वाटेवर, डोंगराची निम्मी कूस पोखरून काढलेली ती दगडाची खाण. सन पंचावन्न चालू होतं. उपनगरांत जिकडेतिकडे घरं उठत होती आणि खडी कितीही काढली तरी पुरत नव्हती. मार्तंडाकडे मजुरांची हजेरी होती, आणि हजेरीहून मोठं एक काम होतं. सुरुंगांचे आवाज मोजायचे.

रोज साडेचारला इनास परेरा सुरुंगांच्या वाती पेटवी आणि धावत वर येई. मग तो आणि मार्तंड पत्र्याच्या छपरीमागे उभे राहत. दोघांनी आपापले मोजायचे, मनातल्या मनात, आणि शेवटचा बार होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. जितक्या वाती पेटल्या तितकेच आवाज दोघांनी मोजले, तरच मार्तंडानं शिट्टी मारायची. आकडा जुळला नाही, तर दुसऱ्या सकाळपर्यंत खाणीत कुणी पाऊल टाकायचं नाही. वीस वर्षं बार उडवून इनासचे कान थोडे बधिर झाले होते, म्हणून तर हा दुसरा माणूस.

शिट्टी झाली की पहिला खाली उतरे धोंडू. पहारेनं सैल दगड पाडणं हे त्याचं काम. एखादा बार न फुटता दगडात राहिला, तर तो आधी धोंडूलाच भेटणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची बायको सुगंधा वर खडी फोडायची. मालवणकडची, बोलणं अगदी बेतानं. मार्तंड कामाला लागला त्याच आठवड्यात ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊसायबांनू, तो तुमच्या शिटयेर खाली उतारता," ती म्हणाली. "माका दुसरा काय सांगूचा नाय."

त्या दिवशी मार्तंडाला जेवण गेलं नाही. मग हळूहळू सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि हेच वाईट.

वैशाखात एका बारानंतर कड्यात लांबच लांब काळा दगड उघडा पडला. कुणी मोठा माणूस पाठ करून निजावा तसा त्याचा आकार होता. मजूर त्याच्या सावलीला बसेनात. इनासला मात्र हसू आलं. तो मरोळ गावठाणातला, पिढीजात ख्रिस्ती. जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांना गोष्ट सांगितली. जलप्रलयाच्या आधी पृथ्वीवर राक्षस होते, ताडामाडाएवढे. माणसांनी आणि त्यांनी मिळून इतका अनाचार माजवला की देवानं पाणी सोडलं. नोहाच्या तारवात आठ माणसं चढली, तेवढीच जगली. बाकी सगळे बुडाले, राक्षससुद्धा.

"बुडूक नाय ते," धोंडू भाकरी मोडत म्हणाला. "डोंगरात दडले. आमच्याकडे जुनी माणसां सांगतत, दगडात निजलेल्याक उठवू नये."

इनास त्याच्यावरही हसला. पण मार्तंडाच्या डोक्यात किडा शिरला. त्यानं दादरला रद्दीवाल्याकडून इनासच्या धर्माचं पवित्र शास्त्र, बायबल, मराठीत मिळवलं आणि पानन् पान चाळलं. इनासनं ते देवळात ऐकलेलं, मार्तंडानं वाचलेलं. तिथंच ठिणगी पडली.

"अरे इनास, प्रलयानंतर कित्येक पिढ्यांनी तुझ्या देवाच्या लोकांनी हेर पाठवले ना, देवानं देऊ केलेल्या नव्या मुलखात? ते काय सांगत परत आले? तिथं राक्षस आहेत, त्यांच्यापुढे आम्ही टोळांएवढे. हे आले कुठून?"

"घाबरट होते साले. थापा मारल्या."

"आणि तो ओग राजा, राक्षसांच्या वंशातला शेवटचा? नऊ हातांचा लोखंडी पलंग होता त्याचा. पलंग काय थाप मारतो?"

असं तीन आठवडे चाललं. इनास रविवारी पाद्रीबाबांना विचारून येई, देव काम अर्धं सोडत नाही एवढंच सांगे. मार्तंड सोमवारी नवं पान काढी. धोंडू मधे बसून दोघांची मजा बघे. मार्तंडाला चेव चढला होता. समोरचा माणूस दिवसेंदिवस गप्प होतोय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. जिंकणाऱ्याला दिसतं कमीच.

त्या गुरुवारी काळ्या दगडाच्या पायथ्याशी नऊ भोकं पाडली होती. पाडताना दोन पहारी वाकल्या. धोंडूनं तिथं नारळ ठेवला, विडी ठेवली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभा राहिला. सव्वाचारला इनास वाती घेऊन निघाला तेव्हा मार्तंडानं त्याला गाठलंच.

"शेवटचं सांग. देवाच्या मोजणीत चूक झाली की नाही? कुणीतरी वाचलाच."

इनास थांबला. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"माझी रेजिना गोराईच्या खाडीत गेली," तो म्हणाला. "सात वर्षांची होती. होडी उलटली. तिला पोहता येत नव्हतं रे. प्रलयात तान्ही पोरं बुडाली असतील ना? ती बुडाली आणि राक्षस वाचले, असं तू मला रोज जेवताना सांगतोस. मग देवानं ते पाणी आणलं कशाला? सगळे बुडाले म्हटलं तर मला कसंबसं सोसतं. तू ते पण काढून घेतलंस."

तो उतरून गेला. मार्तंड जागच्या जागी उभा राहिला. लाज वाटली, अशी की कान तापले. तीन आठवडे तो एका बापाच्या काळजात पहार घालत होता, आणि वर आपण हुशार म्हणून खूश होता.

लाल बावटा वर गेला. माणसं हटली. इनास धापा टाकत छपरीमागे आला आणि मार्तंडाकडे न बघता उभा राहिला. पहिला बार झाला. दुसरा, तिसरा, चौथा. जमीन पायाखाली थरथरत होती. पाचवा जोरात झाला. सहा, सात, आठ. मग शांतता. मार्तंड नवव्याची वाट बघत राहिला. धूळ खाली बसू लागली तरी नववा आला नाही.

"नऊ," इनास म्हणाला.

"मी आठ मोजले."

"पाचवा जोडबार होता. दोन एकदम उडाले. ऐकलं नाहीस, किती मोठा झाला तो?"

पाचवा मोठा होता, हे खरं. पण एकच होता, असं मार्तंडाला आतून वाटत होतं. त्यानं तोंड उघडलं. समोर इनासचे डोळे लाल होते, धुरानं की कशानं कोण जाणे. आता पुन्हा या माणसाला तू चुकलास म्हणायचं? आज, आत्ता, मोजणीवरूनच? वर रस्त्यावर खडी भरायला खोळंबलेले लॉरीवाले हॉर्न वाजवत होते.

"असेल," मार्तंड म्हणाला. "जोडबार असेल."

त्यानं शिट्टी मारली. तिचा आवाज त्याच्याच कानांना परका वाटला. धोंडू पहार खांद्यावर टाकून उतरला. काळ्या दगडाला मधोमध तडा गेला होता, पण तो पडला नव्हता. धोंडूनं फटीत पहार घातली. तेवढ्यात मार्तंडाला एकदम स्वच्छ आठवलं की पाचव्या आवाजाचा धक्का पायांना एकदाच बसला होता. दोन बार कितीही एकदम उडाले तरी धक्के पाठोपाठ दोन बसतात. तो धोंडूच्या नावानं ओरडत उताराकडे धावला. धोंडूनं मान वर करून पाहिलं, आणि नववा बार झाला.

मग बराच वेळ नुसती धूळ होती. धूळ बसल्यावर खाली काळा दगड दिसेना, आणि धोंडूही दिसेना. दगडात निजलेला उठला, असं मजुरांत कुणीतरी पुटपुटलं आणि बाकीच्यांनी ते लगेच खरं धरलं. ठेकेदाराचा माणूस येऊन सांगून गेला की कडा घसरला असं लिहा, बाराचं नाव काढू नका. इनास छपरीच्या खांबाला धरून उभा होता. जोड होता, पाचवा जोड होता, एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

सुगंधा आली ती सरळ मार्तंडापुढे. तिच्या हातात अजून खडी फोडायची हातोडी होती.

"तुमी किती मोजलास?"

नऊ म्हणता आलं असतं. इनासचं नाव घेणं तर त्याहून सोपं होतं, तो चार पावलांवरच होता.

"आठ," मार्तंड म्हणाला.

"मगे शिटी कित्याक मारलास?"

त्यानं इनासकडे पाहिलं नाही. खाली माणसं हातांनी दगड उपसत होती, त्यांच्याकडेही पाहिलं नाही.

"मला आज वाद नको होता," तो म्हणाला.