डोंगरावर पुढे गेलेले घड्याळ

मी एक जुने अणुघड्याळ आहे, मित्रांनो. मला काटे नाहीत, लंबक नाही, गजरही नाही. ट्रंकेएवढे शरीर, समोर चार दिवे आणि पोटात सिझियम नावाच्या धातूचे अणू. त्या अणूंची कंपने मोजून मी सेकंद ठरवत असे. माझ्या उमेदीच्या काळात मला चुकीचे ठरवण्याची कुणाची छाती नव्हती. फुशारकी वाटेल, पण आहे ते आहे.

मला आणि माझ्या जुळ्या भावाला एका प्रयोगशाळेत ताईंनी घडवले. ताई शास्त्रज्ञ, तर त्यांचे वडील घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून त्यांनी सारी हयात लोकांची घड्याळे जुळवण्यात घालवली होती. ते आम्हाला पाहायला आले, तेव्हा ताई म्हणाल्या, "बाबा, यातलं एक मी डोंगरावरच्या वेधशाळेत नेणार आहे. तिथे ते पुढे जाईल."

"पुढे गेलेलं घड्याळ म्हणजे बिघडलेलं," बाबा म्हणाले. "जन्मभर मी दुसरं काय दुरुस्त करत आलो?"

"हे बिघडणार नाही. पृथ्वीच्या ओढीमुळे खाली वेळ सावकाश जातो. जितकं वर जावं, तितका भरभर."

"वेळ म्हणजे काय वारा आहे, वर जास्त सुटायला?"

ताईंनी वाद घातला नाही. "मोजून दाखवते," एवढेच म्हणाल्या.

संधी एकच होती. परत आल्यावर आम्हा दोघांना दुसऱ्या कामाला जुंपायचे ठरले होते. शिवाय माझी वीज क्षणभर जरी तुटली, तरी सारी मोजणी पाण्यात. आम्हा दोघांची वेळ तंतोतंत जुळवल्यावर भाऊ खाली राहिला आणि मी ताईंबरोबर डोंगरावर गेलो. वेधशाळेच्या दगडी खोलीत काही आठवडे मी इमानेइतबारे मोजत राहिलो.

आम्हाला परत न्यायला ताईंचा धाकटा भाऊ व्हॅन घेऊन आला. सोबत बाबाही होते. उतरताना अर्ध्या वाटेवर दरड कोसळलेली. पुढचा रस्ता बंद, मागे फिरावे तर व्हॅनमध्ये तेवढे डिझेल नाही. मी व्हॅनमधल्या बॅटरीवर चालत होतो आणि कडाक्याच्या थंडीने तिची ताकद ओसरू लागली होती.

धाकटा म्हणाला, "ताई, इंजिन सारखं चालू ठेवलं तर डिझेल संपेल. घड्याळाची बॅटरी भरण्यापुरतं अधूनमधून चालू करू आणि हीटर बंदच ठेवू."

"बाबा गारठतील," ताई म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या बटणावर गेला. मला बंद केले असते, तर उरलेल्या डिझेलवर हीटर चालला असता.

बाबांनी तो हात बाजूला केला. अंगातला जाड कोट काढून त्यांनी बॅटरीभोवती गुंडाळला आणि स्वतः मुलाच्या चादरीत शिरले. "हे बिघडलंय असंच माझं मत आहे," ते दातावर दात वाजत असताना म्हणाले. "पण चालतं घड्याळ माझ्या डोळ्यांदेखत थांबायचं नाही."

मित्रांनो, रस्ता मोकळा होईपर्यंत मी थांबलो नाही.

खाली आल्यावर ताईंनी मला माझ्या जुळ्या भावाशेजारी ठेवून तारा जोडल्या. मी पुढे होतो. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याहूनही कमी, पण पुढे. गणिताने सांगितले होते तितकाच.

"बघ, बिघडलं," बाबा म्हणाले.

"बिघडलं असेल तर इथेही ते पुढे पुढेच जात राहील. थांबा, बघू."

बाबा रोज चक्कर टाकू लागले. आम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी चाललो. डोंगरावर पडलेले अंतर वाढले नाही, घटलेही नाही. शेवटी बाबा स्टूल ओढून बसले.

"म्हणजे दोन्ही बरोबर."

"दोन्ही बरोबर, बाबा. सगळीकडे सारखाच वाहणारा असा वेळ नसतोच."

"मग तू वर राहून आलीस, तर आमच्यापेक्षा तेवढी जास्त मोठी झालीस?"

"झाले. पण केस पिकण्याइतकी नाही."

बाबा खूप हसले. पुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवत, "आमच्या मुलीनं डोंगरावरचा वेळ मोजून आणलाय." माझे कौतुक पुष्कळांनी केले, पण त्या वाक्याने माझी छाती जितकी फुगली तितकी कशानेच नाही.

आता माझ्यातले सिझियम संपले आहे. भावाचे भाग काढून इतर यंत्रांना लावले, आणि मी एका व्हरांड्यात धूळ खात उभा आहे. त्याचे मला दुःख नाही. तुमच्या फोनमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, त्यांच्यात माझीच भावंडे बसली आहेत आणि उंचीमुळे पडणारा फरक धरूनच ती वेळ सांगतात. नव्या पिढीची घड्याळे तर टेबलावरून उचलून फळीवर ठेवली, तरी फरक ओळखतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही, अभिमान वाटतो.

फक्त एक विनंती. जुने यंत्र भंगारात देण्याआधी ते कुणी, कशासाठी जपले होते, एवढे विचारा. माझ्या समोरच्या काचेवरून कधी फडके फिरवा आणि तुमच्या धाकट्या भावंडांना सांगा, की हे घड्याळ पुढे गेले होते, आणि ते बरोबर होते.