पुलापलीकडं गाडी खाली

खरं सांगू का मित्रांनो, हे सांगायचंच न्हाई असं ठरवलं हुतं. कॅरेटाची गोष्ट कोण ऐकणार? पर ऱ्हावंना.

मी एक फळं भरायचं जुनं प्लास्टिकचं कॅरेट हाय. शिरवळच्या कारखान्यात साच्यातनं पडलो आन तासगावात अंजनाकाकूंच्या द्राक्षबागंत आलो. बागंत कामाला येणाऱ्या बनाबाई माझ्या पोटात कागद अंथरून घड ठेवायच्या, तान्हं बाळ निजवावं तसं.

काकूंचा पोरगा शिवतेज ट्रक चालवतो. आमी पार नेपाळला जायचो. हद्दीवरच्या नदीवर जुना, अरुंद पूल. गाड्यांची रांग हलायचीच न्हाई. उन्हात मणी गळायचे. पलीकडचा व्यापारी टेकनाथ माल बघून कपाळाला हात लावायचा. त्या गडबडीत आमाला माघारी कोण धाडणार? माझी कैक भावंडं तिकडंच ऱ्हायली.

मग रुंद पूल झाला. सकाळी अलीकडं, दुपारी पलीकडं. टेकनाथ थेट काकूंनाच फोन करून माल मागवाय लागला. येताना आमच्यात तिकडचं आलं भरून यायचं, सांगलीच्या बाजारात जायचं. बनाबाई मला हुंगून म्हणायच्या, "ह्येला आता चहाचा वास याय लागलाय."

गेल्या हंगामात माझा एक कान, म्हंजी उचलायची कड, तुटला, म्हणून मी घरीच. काकू मला पालथं घालून वर बसल्या हुत्या. शिवतेजचा फोन लागंना. पलीकडं त्याचं सिमकार्ड चालत न्हाई. तेवढ्यात टेकनाथचा फोन आला.

"दिदी, पुल के उधर गाडी खाली हो गया."

काकूंचा सगळा भार माझ्यावर आला.

"बना, गाडी पुलावरनं खाली गेली गं. माझा शिवा..."

बनाबाईंनी फोन घेतला. "आवं दादा, आमचा पोरगा किधर हाय?"

"खाना खा रहा है. तीसरी बार भात लिया."

बनाबाईंनी फोन कानापासनं बाजूला घेतला.

"आक्का, हिंदीत खाली म्हंजी रिकामी," बनाबाई म्हणाल्या. "माल उतरलाय. पोरगं जेवतंय."

"मुडद्याला नीट सांगाया काय झालतं," काकू म्हणाल्या, आन पदरात तोंड घालून रडता रडता हसल्या. फोन अजून चालूच हुता, टेकनाथनं समदं ऐकलं.

मित्रांनो, मोडकं म्हणून आमाला उकिरड्यावर टाकू नका. काकूंनी माझा कान तारंनं बांधला. यंदा मी परत पूल वलांडला. वस्तू असू दे न्हाईतर वळख, वेळच्या वेळी डागडुजी केली की टिकती.

तिकडं माझ्यात आलं भरता भरता टेकनाथनं हळूच विचारलं, "दिदी अभी भी गुस्सा है क्या?"

शिवतेजनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आन आपल्या सांगलीच्या हिंदीत म्हणाला, "अगले सीझन को आई को लेके आताय मैं. गाडी में नहीं बैठती बोली, पूल चलके पार करती बोली. पर लेके आताय, टेकनाथ. तेरे घर पे जेवाय बसाताय."