बदल कधीपासून

देवदत्तरावांनी डॉक्टरांच्या टेबलावरची टॉफीची बशी जवळ ओढली आणि चौथी टॉफी तोंडात टाकली. उल्काताईंनी बशी हळूच मागे सरकवली. ते गोड हसले आणि हात लांब करून पाचवी उचलली.

कॅल्गरीत पस्तीस वर्षं पाइपलाइनची गणितं करण्यात गेलेला हा माणूस. तोंडातून कौतुकाचा शब्द म्हणून निघायचा नाही. आमटी चांगली झाली, तर न बोलता परत वाढून घ्यायचे, इतकंच. गेल्या हिवाळ्यात ग्रोसरीच्या दुकानात त्यांनी एका परक्या बाईच्या कार्टमधली केळी सोलून खाल्ली, तेव्हा सायकायट्रिस्टनी बायपोलर ठरवलं. वर्षभर गोळ्या झाल्या, फरक शून्य.

आता हे दुसरे डॉक्टर म्हणत होते, की वरवर दोन्ही आजार सारखेच दिसतात. पण बायपोलर असा चढतो, उतरतो. मेंदूचा पुढचा भाग झिजून माणसाचा स्वभावच बदलवणारा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया मात्र बिनबोभाट वाढत जातो, मागे फिरत नाही आणि त्यावर औषधही नाही. म्हणून पहिला बदल नेमका कधी दिसला, ते हवं होतं.

"लास्ट विंटर," कस्तुरी म्हणाली. ती मुद्दाम टोरोंटोहून आली होती. "त्याआधी बाबा टोटली फाइन होते. हो ना, आई?"

उल्काताई पर्सची चेन उघडत-मिटत राहिल्या. नुसती होकाराची मान हलवली असती, तरी बायपोलरची शक्यता आणि आणखी एखाद्या गोळीची आशा उरली असती.

तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या हळदीकुंकवाला निघताना देवदत्तरावांनी त्यांना दारात थांबवलं होतं. "छान दिसतेस गं," म्हणाले होते. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मग रोजच काहीतरी. वाकून स्नोबूट घालून द्यायचे, भर मॉलमध्ये हात धरायचे. उशिरा का होईना, देवानं आपलं ऐकलं, असं उल्काताईंना वाटलं होतं. दृष्ट लागेल म्हणून कुणाला, अगदी लेकीलाही, सांगितलं नव्हतं.

"तीन वर्षं झाली," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "संक्रांतीपासून. जानेवारी."

"काय झालं होतं तेव्हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी छान दिसते म्हणाले."

कस्तुरी आईकडे बघत राहिली. डॉक्टरांनी ते लक्षणांखाली लिहून घेतलं.

"आणखी काही?"

टेबलाखाली देवदत्तरावांनी त्यांचा हात धरला होता. तो तसाच राहू देऊन उल्काताई पुढचं सांगू लागल्या.