सकाळी सातला सोडल्या

तपासनीस बाई सातला येणार होत्या आणि धाकटीने पाचपासून अंगण तीनदा झाडून काढलं होतं. अंगणाचं काही बिघडलं नव्हतं. तिलाच स्वस्थ बसवत नव्हतं.

या घरच्या धाकट्या सुनेने तीन वर्षं दीडशे कोंबड्या कुरणात मोकळ्या वाढवल्या होत्या. फवारणी नाही, औषधं नाहीत, दाणासुद्धा रासायनिक खताशिवाय पिकवलेला. आजची तपासणी निभावली की अंड्यांवर ‘सेंद्रिय’ असा शिक्का बसणार होता. नाही निभावली तर पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं. सगळं नियमात चोख बसत होतं, गेले नऊ दिवस सोडले तर.

अकरा दिवसांपूर्वी एका ससाण्याला कुरणाचा पत्ता लागला. नुकत्याच अंड्यावर आलेल्या चार तलंगा त्याने दोन दिवसांत उचलल्या. चौथीला सोडवायला धाकटी झाडू घेऊन धावली, तर हाती नुसती पिसं आली. त्या संध्याकाळी तिने खुराड्याचं दार लावलं ते लावलंच. वर बांधायची जाळी येईपर्यंत कोंबड्या आत.

पण नोंदवहीत ‘कोंबड्या सोडल्याची वेळ’ असा एक रकाना होता. मोकळ्या कोंबड्यांच्या वहीत ‘कोंडल्या’ असं लिहायला तिचा हात धजेना. तिने रोजच्यासारखं लिहिलं : सकाळी सातला सोडल्या. असं नऊ वेळा.

“मला विचारलं तर काय सांगू?” सासूबाईंनी चौथ्यांदा विचारलं.

“काही नाही. तुम्ही स्वयंपाकघरातून हलूच नका, आई. ऐकू कमी येतं म्हणा.”

“मला? अगं, मला टाचणी पडलेली ऐकू येते!”

“आज नाही येत.”

बाई ठरल्या वेळी आल्या. बुटकी मूर्ती, पायात रबरी बूट, बोलणं मोजकं. त्यांनी दाण्याच्या पोत्यात हात घालून वास घेतला, पाण्याची भांडी उपडी करून पाहिली, वही चाळली.

“नोंदी फार नेटक्या आहेत हो तुमच्या.”

धाकटी कसनुसं हसली.

“आता सोडा बघू कोंबड्या.”

तिने खुराड्याचं दार उघडलं. बिचकल्या तर संपलंच! दोघी-तिघी उंबऱ्यावर मान वाकडी करून थबकल्या आणि मग कलकलाट करत सगळ्याच्या सगळ्या कुरणात पसरल्या. धाकटीच्या जिवात जीव आला. कोंबड्यांनी लाज राखली होती.

बाई मात्र कोंबड्यांकडे बघतच नव्हत्या. त्या दारापुढे उकिडव्या बसल्या होत्या. तिथे बोटभर उंचीचं कोवळं, लुसलुशीत गवत उगवलं होतं. किती छान दिसतंय म्हणून धाकटीने काल त्याला मुद्दाम पाणीही घातलं होतं.

“रोज दीडशे कोंबड्या याच दारातून बाहेर पडतात ना?”

“हो.”

“मग इथे गवत कसं? कोंबडी दारापुढे एक काडी टिकू देत नाही. तुम्हाला मी सांगायला नको.”

नकोच होतं. तीन वर्षं या दारापुढे नुसती उकरलेली माती होती.

“सांगून टाक गं!” स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाई ओरडल्या.

मग तिने सांगितलं. ससाणा, चार तलंगा, न आलेली जाळी, नऊ ओळी. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“ससाणा आला, जाळी येईपर्यंत कोंडल्या,” त्या शेवटी म्हणाल्या. “एवढी एक ओळ असती तर मी आत्ता सही केली असती. जिवावर बेतलं तर कोंडायची मुभा आहे. नियमातच आहे ते.”

“म्हणजे... चाललं असतं?”

“कोंडलेलं चाललं असतं.” बाईंनी वही मिटून तिच्या हातात दिली. “आता मला सांगा, मागच्या तीन वर्षांची पानं मी कशावरून खरी मानू?”

ती खरी होती. अंगात ताप असताना, हात गारठलेले असताना, रोज कुरणात उभं राहून लिहिलेली, एकूण एक खरी. धाकटीने ते सांगायला तोंड उघडलं, आणि आपल्या शब्दाला आता काही किंमत उरलेली नाही हे लक्षात येऊन गप्प राहिली.