डाव्या बाजूची गादी

ताईचं ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला, आणि धाकट्या बहिणीचे हात शिवशिवायला लागले. शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ताई दवाखान्यात असतानाच तिने कपाट उघडलं आणि झाडून सगळ्या ड्रेसना आतून डावीकडे मऊ कापसाची गादी शिवून टाकली. विचारायचं कशाला? सख्खी बहीण तर आहे!

घरी आल्यावर ताईने दोन ड्रेस घालून पाहिले, आणि तिसरा हातात घेऊन ती पलंगावर बसली.

“छान झालंय गं. कोणाला कळणारसुद्धा नाही.”

“मग! शिवलंय कोणी?” धाकटी फुशारली.

“एक तरी तसाच ठेवायचा होतास, घरात घालायला. मला वाटलं होतं, निदान तुझ्यासमोर तरी लपवावं लागणार नाही.”

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई आल्यापासून आपण तिच्या गळ्याखाली एकदाही नजर जाऊ दिली नव्हती, हे तिला आत्ता उमगलं.

ती कात्री घेऊन उसवायला बसली. टाके तिचेच होते, आणि इतके पक्के, की निघता निघेनात.