बहुमताची फुशारकी

सीमेच्या वाटाघाटींत मी दुभाषी होते. आमचे जुने पंतप्रधान प्रत्येक मागणीवर कपाळाला हात लावायचे, "संसद मला फाडून खाईल हो!" दहा वर्षं समोरच्यांनी ते मानलं, कारण लढाई कुणालाच नको होती.

नवे साहेब छाती फुगवून आले. बसताक्षणी म्हणाले, "आमच्याकडे माझ्या शब्दाबाहेर कुणी नाही."

गप बस की रे बाबा, असं मनात आलं. पण दुभाष्यानं पदरचं घालायचं नसतं, गाळायचंही नसतं. मी शब्द न् शब्द सांगितला.

समोरच्या म्हाताऱ्या मंत्र्यानं नकाशा पुढे सरकवला. "मग नदीपलीकडची सात गावं आजच द्या. तुम्हाला अडवणार कोण?"

नाही म्हणायला साहेबांनी एकही निमित्त शिल्लक ठेवलं नव्हतं, आणि निमित्ताशिवाय नकार म्हणजे लढाई. संध्याकाळी सह्या झाल्या. गावांची यादी मीच वाचून दाखवली. पाचवं माझं माहेर.